गुरुवारची पोथी

आमच्या मंडळाला नाव नाही. पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. नाशिकच्या गंगापूर रोडला आकाशवाणी टॉवरच्या पुढे, सरांच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, एक गुरुवार सोडून एक गुरुवार संध्याकाळी सात वाजता आम्ही नऊ-दहा जण जमतो आणि एकच कादंबरी वाचतो. आयरिश लेखक जेम्स जॉइसची ‘युलिसिस’. पहिलं पान वाचलं ते १६ जून २०२२ ला, आणि शेवटचं २०२५ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, ऑफिसातल्यांनी एकच प्रश्न विचारला, “अजून तेच पुस्तक?”

हो, तेच.

कादंबरीत घडतं ते एवढंच. १६ जून १९०४, वार गुरुवार, गाव डब्लिन. लिओपोल्ड ब्लूम नावाचा, वर्तमानपत्रासाठी जाहिराती गोळा करणारा अडतीस वर्षांचा माणूस सकाळी बायकोला चहा-नाश्ता देतो, बाहेर पडतो, एका ओळखीच्याच्या अंत्ययात्रेला जातो, कचेरीत जातो, जेवतो, भटकतो. दुपारी आपल्या घरी बायकोला भेटायला दुसरा पुरुष येणार आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो घरी जायचं टाळत राहतो. रात्री उशिरा परततो. हा एक दिवस लिहायला जॉइसला सात वर्षं लागली, १९१४ ते १९२१. पुस्तक निघालं २ फेब्रुवारी १९२२ ला, त्याच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पॅरिसमध्ये. सिल्व्हिया बीच या पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी ते छापलं. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती.

मी ही कादंबरी एकटीनं तीन वेळा सुरू केली होती आणि तिन्ही वेळा तिसऱ्या अध्यायात थांबले होते. त्या अध्यायात स्टीफन नावाचा तरुण समुद्रकाठी चालत असतो आणि त्याच्या डोक्यात जे जे येईल ते पानावर येत असतं: लॅटिन, धर्मशास्त्र, आईचं मरण, वाळूवरचं कुत्रं. संज्ञाप्रवाह हा शब्द मला कॉलेजपासून माहीत होता. मर्ढेकरांची १९४२ सालची ‘रात्रीचा दिवस’ वाचली होती, तेव्हा मनात उडी मारणाऱ्या वाक्यांची भीती नव्हती. तरी जमेना. आणि गंमत बघा, ब्लूम पहिल्यांदा येतो तो चौथ्या अध्यायात. म्हणजे वीस वर्षं कपाटात पुस्तक असून ज्याच्यासाठी ते लिहिलं त्या माणसाची आणि माझी गाठच पडली नव्हती.

पंचवटीत, काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत, आमचा जुना वाडा होता. चातुर्मासात आजी पोथी लावायची. कधी ‘हरिविजय’, कधी ‘पांडवप्रताप’. दुपारची जेवणं आटोपली की गल्लीतल्या सहा-सात बायका ओसरीवर येऊन बसायच्या. चौरंगावर लाल कापडातली पोथी. आजी ओव्या म्हणायची आणि दर दहा-पंधरा ओव्यांना थांबून अर्थ सांगायची. अर्थ सांगता सांगता ती कुठल्या कुठे जायची. देवकीची सहा मुलं गेली, या ओवीपाशी कुणाच्या तरी डोळ्यांना पदर लागायचा, आणि मग कुणाचं मूल कधी गेलं, कोणत्या साथीत गेलं, ते सगळं निघायचं. पोथी तिथेच उघडी. कृष्णाचा जन्म त्या दिवशी राहून जायचा. ‘हरिविजया’चे छत्तीस अध्याय आजीला कधी छत्तीस दिवसांत संपवता आले नाहीत.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “इथे कुणी व्याख्यान द्यायचं नाही. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मराठीत अर्थ सांगायचा, आणि अडलं की सगळ्यांनी मिळून अडायचं.” सर आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मला एकदम ओसरी दिसली. शिवाय अध्यायही अठराच, गीतेइतके, ज्ञानेश्वरीइतके. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपासून आम्ही त्याला पोथीच म्हणायला लागलो.

जॉइससाठी माणसं असं जमणं ही जगभरची जुनी गोष्ट आहे. पुस्तक निघून दोनच वर्षं झाली होती, तेव्हा डोळ्यांच्या दुखण्यानं बेजार झालेल्या जॉइसला काही वाचकांनी १६ जूनला निळी-पांढरी फुलं पाठवली. हे लोक या दिवसाला ‘ब्लूमचा दिवस’ म्हणतात, असं त्यानं पत्रात लिहून ठेवलंय. न्यूयॉर्कमध्ये १९४७ साली गॉथम बुक मार्ट या पुस्तकांच्या दुकानात जेम्स जॉइस सोसायटी सुरू झाली. तिचे पहिले सभासद टी. एस. एलियट. खुद्द डब्लिनमध्ये मात्र दिवस साजरा व्हायला १९५४ उजाडावं लागलं. फ्लॅन ओब्रायन, पॅट्रिक कॅव्हनॉ, अँथनी क्रोनिन, जॉन रायन अशी लेखक-कवी मंडळी आणि जॉइसचा एक दंतवैद्य भाऊबंद घोडागाड्यांतून निघाले. ब्लूम दिवसभर जिथे जिथे फिरला तिथे तिथे जायचं असा बेत. अर्ध्या वाटेवर एका दारूच्या गुत्त्यात ती यात्रा विसावली ती पुढे गेली नाही. तरी आज १६ जूनला डब्लिनमध्ये जी जत्रा भरते, तिची सुरुवात तीच.

मला त्याहून जवळचं वाटतं ते झुरिकचं. जॉइस १९४१ च्या जानेवारीत तिथेच वारला, तिथेच पुरला गेला. १९८५ मध्ये तिथे फ्रिट्झ सेन यांनी जॉइसच्या नावानं संस्था उभी केली. दर आठवड्याला ठरलेल्या वारी माणसं येतात, टेबलाभोवती बसतात आणि ओळी-ओळीनं वाचतात. जॉइसचं शेवटचं पुस्तक ‘फिनेगन्स वेक’ तर अनेक भाषा एकमेकींत कालवून लिहिलेलं. तिथल्या गटाला ते पहिल्यांदा वाचून संपवायला अकरा वर्षं लागली. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस गावच्या एका गटानं १९९५ मध्ये सुरू केलं ते २०२३ च्या ऑक्टोबरात संपवलं. अठ्ठावीस वर्षं, ६२८ पानं. त्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य अर्धवट तुटतं आणि पहिल्या पानावरच्या पहिल्या वाक्याला जाऊन मिळतं, म्हणून त्यांनी पुढच्याच महिन्यात पुन्हा पहिलं पान उघडलं. हे कळलं तेव्हा मी आमच्या बैठकीत आजीचं सांगितलं. पोथी समाप्त झाली की ती मिटायच्या आधी पुन्हा पहिली ओवी म्हणायची आणि मगच कापडात बांधायची. का, असं विचारलं तर म्हणायची, “संपली असं वाटू नये तिला.”

आता सहाव्या अध्यायाचा गुरुवार सांगते.

आमच्यात एक काका आहेत. सातपूरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. हॉलच्या भिंतीवर त्यांनीच डब्लिनचा नकाशा काढून लावलाय, प्रत्येक अध्यायाची वाट वेगळ्या शाईनं. सहावा अध्याय अंत्ययात्रेचा. चार माणसं घोडागाडीत बसून गावाच्या दक्षिण टोकाकडून उत्तरेच्या दफनभूमीत जातात. वाटेत दोन नद्या आणि दोन कालवे ओलांडतात, कारण कादंबरी होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यावर बेतलेली, आणि ग्रीक पाताळात नद्या असतात. काकांनी ते चार प्रवाह आधीच निळ्या रेषांनी दाखवून ठेवले होते. पण आदल्याच आठवड्यात त्यांचे थोरले भाऊ गेले. दशक्रिया गुरुवारी सकाळी, रामकुंडावर. आम्ही बैठक रद्द करायला निघालो तर काकांचाच फोन आला, “नको, वाचू. मी येतो.”

ते आले, डोक्यावरचे केस नुकतेच काढलेले. सरांनी वाचायला घेतलं. गाडीत बसलेली माणसं मेलेल्याबद्दल थोडं बोलतात आणि इतर गोष्टींबद्दल खूप. ब्लूमच्या खिशात सकाळी विकत घेतलेली लिंबाच्या वासाची साबणाची वडी आहे, ती बसताना टोचते. पाद्री मंत्र म्हणत असताना तो पाद्र्याच्या पोटाकडे बघतो. मेलेल्या माणसाचं हृदय म्हणजे शेवटी एक पंपच, असं त्याच्या मनात येतं. थडग्यांमधून एक गलेलठ्ठ उंदीर सरकतो आणि तो त्याच्याकडे बघत राहतो.

सर थांबले. अर्थ सांगायची पाळी माझी होती, पण काकाच बोलायला लागले. “सकाळी मी हेच करत होतो. पिंड ठेवला होता, कावळा शिवेना. पाऊण तास. सगळे म्हणाले, काही इच्छा राहिलीय, बोला काहीतरी. आणि माझं लक्ष कुठे होतं सांगू? गाडी गाडगे महाराज पुलाखाली लावली होती, तिला कुणी अडवून लावली असेल का, याच्यात. भाऊ गेलाय आणि मी पार्किंगचा विचार करतोय. दिवसभर लाज वाटत होती मला त्याची.” थोडं थांबून म्हणाले, “हा माणूस पण तेच करतोय की. सर, पुढे वाचा.”

त्या संध्याकाळी कुणी एकदाही टीपांचं जाडजूड पुस्तक उघडलं नाही.

त्याच बैठकीत सिस्टर पहिल्यांदा बोलल्या. तोवर त्या आमच्यातल्या नव्हत्याच. सरांच्या आईंच्या पायाला जखम झाली होती, तिचं ड्रेसिंग करायला त्या संध्याकाळी येत. सरकारी दवाखान्याच्या प्रसूतिगृहात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. आतलं काम उरकून जाताना दाराशी थबकायच्या, मग दारालगतच्या खुर्चीवर टेकायच्या. अंत्ययात्रेच्या गाडीजवळून एक छोटीशी शवपेटी जाते, लहान मुलाची, आणि ब्लूमला त्याचा मुलगा आठवतो. रूडी. सरांनी पुढच्या अध्यायांतला तपशील सांगितला, की दहा वर्षांपूर्वी तो मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला.

“अकरा?” दारातून आवाज आला. “म्हणजे बारशाच्या आदल्या दिवशी.”

कुणीच काही बोललं नाही. सिस्टर पुढे म्हणाल्या, “आपल्याकडे असता तर नाव पण नसतं त्याला. वॉर्डात आम्ही पट्टीवर आईचं नाव लिहायचो, अमकीचं बाळ. एवढ्याला जाळत पण नाहीत, पुरतात. बाप घेऊन जायचा टॉवेलात गुंडाळून. आईला नेतच नाहीत.”

‘युलिसिस’वर शंभर वर्षांत पुस्तकांचे ढीग लिहिले गेलेत. त्यांतली काही मी चाळलीही आहेत. अकरा या आकड्यावर त्यांत बरंच काही आहे, प्रतीकं वगैरे. पण बारशाच्या आदला दिवस हा त्याचा अर्थ नाशिकच्या एका सुईण-सिस्टरकडूनच यायचा होता. तो ऐकल्यापासून मला ब्लूम परका वाटलेला नाही. पुढच्या गुरुवारी सरांनी त्यांची खुर्ची दारातून उचलून गोलात ठेवली.

सगळेच अध्याय असे गेले नाहीत. नववा, ग्रंथालयात शेक्सपिअरवर वाद चालतो तो, आम्ही रेटून संपवला, आणि मला तो आजही आवडत नाही. अकरावा मात्र संगीताचा. त्याची पहिली दोन पानं डोळ्यांनी वाचली तर निव्वळ मोडके शब्द. आमच्यातल्या संगणकवाल्या मुलानं आयर्लंडच्या आकाशवाणीचं ध्वनिमुद्रण शोधून काढलं. १९८२ मध्ये, जॉइसच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १६ जूनला त्यांनी अख्खी कादंबरी रेडिओवर वाचली होती, २९ तास ४५ मिनिटं, अखंड. दिवे मालवून आम्ही ती दोन पानं ऐकली. मैफलीआधी वाद्यं लावतात तशी ती होती. पुढे येणारी प्रत्येक धून आधी नुसती छेडून दाखवलेली.

चौदाव्या अध्यायाला आम्ही तीन महिने दिले. जागा प्रसूतिगृह. तीन दिवस अडलेली एक बाई वरच्या मजल्यावर आणि खाली दारू पीत बसलेले वैद्यकीचे विद्यार्थी. मूल पोटात वाढतं तशी तिथे इंग्रजी भाषाच वाढत जाते. अगदी प्राचीन वळणापासून सुरू होऊन, एकेका शतकाची लेखनशैली घेत, शेवटी रस्त्यावरच्या बरळण्यापर्यंत. हे मराठीत सांगायचं कसं? सरांनी आम्हाला कामाला लावलं. प्रसंग एकच: ब्लूम प्रसूतिगृहाच्या दाराशी येतो आणि परिचारिका दार उघडते. एकीनं तो लीळाचरित्राच्या वळणानं लिहिला, तेराव्या शतकातली ती छोटी छोटी वाक्यं. काकांनी बखरीत लिहिला, आणि दार उघडणं ही मोहीम झाली. मी ‘निबंधमाले’च्या थाटात चिपळूणकरी लांबलचक वाक्य रचायचा प्रयत्न केला. संगणकवाल्यानं सिडकोतल्या पोरांच्या बोलीत. सगळे तुकडे ओळीनं वाचले तेव्हा एकाच दारातून सातशे वर्षं आत आल्यासारखी वाटली. आपल्या भाषेचं वय मला इतकं अंगावर आलं नव्हतं कधी.

याच अध्यायात रूडीचं लोकरीचं जाकीट येतं. मूल गेल्यावर आईनं ते त्याला घालून पुरलं, कोकराच्या लोकरीचं, थंडी वाजू नये म्हणून. सिस्टरांनी ते वाक्य सरांकडून तीनदा वाचून घेतलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

१६ जूनला आम्हीही चालतो. २०२४ ला तो रविवारी आला. सकाळी आठला रविवार कारंजावरून निघालो, कारण ब्लूमचा दिवसही आठलाच सुरू होतो. मिसळ खाल्ली, मेनरोडवरून सराफ बाजारात उतरलो, मग नदीवर. डब्लिनमध्ये ज्या औषधाच्या दुकानात ब्लूम साबण घेतो, ते स्वेनीचं दुकान २००९ मध्ये बंद पडलं. पण स्वयंसेवकांनी ते तसंच राखलंय, तिथे नेमानं जॉइसचं वाचन होतं आणि लिंबाचा साबणही मिळतो. आम्ही नाशिकमध्ये चालताना तसं काही शोधत नाही. आम्ही फक्त बघतो आणि लिहून घेतो: कुठल्या दुकानावर कुठली पाटी, भांडी बाजारात कुठला आवाज, दुतोंड्या मारुतीच्या पायाशी किती पाणी. जॉइस परदेशात बसून डब्लिन लिहीत होता. ब्लूम किल्ली विसरतो आणि कठड्यावरून खाली उतरून घरात शिरतो. तर साध्या माणसाला तिथून इजा न होता उतरता येईल का, हे त्यानं पत्रानं आपल्या मामीला विचारलं होतं. मामीला! मला हे फार आवडतं. आमचा पंचवटीतला वाडा आता नाही. ओसरीला पायऱ्या किती होत्या हे विचारावं असं माणूसही उरलेलं नाही. त्या रविवारी मी वहीत आठवून लिहिलं, पाच. की सहा?

शेवटचा अध्याय मॉलीचा, ब्लूमच्या बायकोचा. रात्री ती अंथरुणात जागी आहे आणि विचार करतेय. आठ वाक्यं, पण एकेक वाक्य कित्येक पानांचं, विरामचिन्ह जवळजवळ नाही. त्यात शरीराबद्दल जे उघड आहे ते मोठ्यानं वाचायचं कसं, यावर आधी चर्चा झाली. या कादंबरीच्या एका प्रकरणासाठी १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन संपादक बायकांना दंड झाला होता, आणि अमेरिकेत ती उघडपणे छापता यायला १९३३ च्या अखेरीस न्यायालयाचा निकाल यावा लागला. आम्ही ठरवलं की हा अध्याय बायकांनीच वाचायचा, गाळायचं काही नाही, आणि पुरुषांनी ऐकायचं.

सगळ्यांना वाटलं होतं की विरामचिन्हांवाचून अडखळायला होईल. मी वाचायला लागले आणि आजीची पोथी आठवली. जुन्या हस्तलिखितांत शब्दही सलग, दंडाच्या उभ्या रेघेखेरीज खूण नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी या इंग्रज कोशकाराच्या काळात आले. त्याआधी थांबायचं कुठे हे श्वास ठरवायचा. मॉलीही तशीच वाचायची असते. चार गुरुवार लागले.

जाकिटाचं पान सिस्टरांनी मागून घेतलं. म्हणाल्या, “माझं इंग्रजी जाऊ दे, पण हे मी वाचते.” मॉलीला वाटतं की रडत रडत विणलेलं ते जाकीट त्याच्याबरोबर पुरायला नको होतं, एखाद्या गरिबाच्या मुलाला द्यायला हवं होतं. पण आता दुसरं होणार नाही हे तिला तेव्हाच कळलं होतं. सिस्टरांनी ते सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. अर्थ सांगायची पाळी काकांची होती. त्यांनी मान हलवून नको म्हटलं, आणि आम्ही पुढचं पान घेतलं.

फेब्रुवारीत शेवटचा शब्द वाचून झाला तेव्हा साडेनऊ वाजले होते. सरांच्या घरून कॉफी आली. मी आजीची रीत पुन्हा सांगितली, तर सरांनी पुस्तक सिस्टरांपुढे केलं. पहिले अध्याय त्यांनी ऐकलेच नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं पान लावलं. समुद्रकाठचा बुरूज, सकाळ, दाढीच्या साबणाचं भांडं घेऊन वर येणारा एक धष्टपुष्ट तरुण. अर्ध्या पानावर त्या थांबल्या.

“हा ब्लूम नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले. “तो चौथ्या अध्यायात येतो.”

“मग थांबू की,” सिस्टर म्हणाल्या, आणि पुढे वाचायला लागल्या.